बाराव्या नोंदीची तारीख

आमच्या मंठाळच्या घराची एक भिंत आणि माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, दाळमिलची भिंत एकच होती. मिल म्हणून तिला मोठं नाव, बाकी होती एवढीच: एक मोटर, एक कुरुंदाचा रोलर, दोन चाळण्या आणि मागं तूर वाळवायला शहाबादी फरशीचं अंगण. मोटर चालू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पितळी तांबे एकमेकांना घासून बारीक आवाज करायचे. त्याच आवाजात मी पाढे पाठ केले आणि त्याच आवाजात दुपारची झोपायची. करंट गेला, मोटर थांबली, की मी दचकून जागी व्हायची. अव्वा, म्हणजे आई, म्हणायची, "लोक आवाजानं उठतेत, ही आवाज थांबला की उठती." चुणीची पिवळसर धूळ घरात सगळीकडे बसायची, उशांवर, देव्हाऱ्यात, माझ्या वह्यांच्या कडांवर. अव्वा दिवसातून तीनदा फडकं मारायची आणि तिन्ही वेळा अप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं सुस्कारा सोडायची. ती रागावली की कानडीत बोलायची आणि राग उतरला की मराठीत. त्यामुळं भाषा ऐकूनच आम्हाला कळायचं, की आता जेवण मागायला हरकत नाही.

जेवण म्हणजे काय, तर डाळच. नव्या तुरीच्या डाळीत पुंडीचा, म्हणजे अंबाडीचा, आंबट पाला घालून अव्वा जी भाजी करायची, तिच्यासोबत ज्वारीची गरम भाकरी आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. आता मला डॉक्टरांनी तेल मोजून दिलंय, तरी हे लिहिताना जिभेला ती चव आली. सणाला शेंगाची पोळी व्हायची. पण खरं सांगायचं तर मला सणापेक्षा मिलचा हंगाम आवडायचा. संक्रांतीच्या पुढं नवी तूर यायला लागायची, मुडबीकडून, आजूबाजूच्या वाड्यांवरून बैलगाड्या यायच्या, अंगणभर तूर पसरलेली असायची आणि अव्वा सगळ्यांना चहा करून करून दमून जायची.

अप्पा तुरीला आधी तेल चोळायचे, दोन दिवस उन्हात घालायचे, मग पाणी शिंपडून तिचा ढीग करायचे आणि पोत्यांनी झाकून मुरायला ठेवायचे. मुरलं की साल सुटतं, पुन्हा एक ऊन दिलं की रोलरवर दाणा नीट दोन दाळींत फुटतो. कमी मुरलं तर साल चिकटून राहतं, जास्त मुरलं तर दाणा मऊ पडतो आणि डाळीऐवजी फुटक्या दाण्यांची कणीच जास्त निघते. अप्पा ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, दाणे बोटांनी दाबून बघायचे आणि म्हणायचे, "झालं." मी विचारायची, "किती तास ठेवायचं, अप्पा?" ते म्हणायचे, "झालं की झालं. तास कोण बघतंय?" साधारण बारा तासांनी ते ढीग मोडायचे. पण बाराच का, हे त्यांना सांगता यायचं नाही. मला त्या उत्तराचा फार राग यायचा.

त्या रागातूनच माझा प्रोजेक्ट निघाला. मी तेव्हा गुलबर्ग्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. (आता पाट्यांवर कलबुर्गी आहे आणि माझ्या तोंडात अजून गुलबर्गाच बसलंय.) आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मुली दोनच, मी आणि शाहीन. त्यामुळं प्रोजेक्टला जोडीदार शोधायचा प्रश्न आला नाही. शाहीन गुलबर्ग्यातलीच. तिचे अब्बा कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचे, अर्ज आणि करारनामे टाइप करायचे. आमच्या गाइड होत्या हिरेमठ मॅडम. बिदरकडच्या, त्यामुळं माझ्याशी मराठीत बोलायच्या. त्यांनी विषय ऐकला आणि लगेच हो म्हटलं. ओल्या तुरीचा ढीग किती तास ठेवला असता कणी सर्वांत कमी निघते, ते मोजायचं. सहा तास, बारा, अठरा आणि चोवीस. प्रत्येकाच्या तीन खेपा, प्रत्येक खेपेला वीस किलो तूर. म्हणजे बारा नोंदी.

शाहीन आमच्याकडं पंधरा दिवस राहायला आली. अव्वानं तिला आधी चार दिवस पाहुणी मानलं आणि पाचव्या दिवशी लसूण सोलायला बसवलं. आम्ही दोघी डाळ, कणी, चुणी, साल वेगळं तोलायचो आणि वहीत लिहायचो, तारीख आणि हवा कशी होती त्याच्यासकट. अकरा नोंदी झाल्या. मग शाहीनच्या बहिणीची सोयरीक ठरली आणि ती घरी गेली. अठरा तासांची तिसरी खेप मी एकटी करणार होते. ढीग लावला, आणि दुसऱ्या दिवशी करंट गेला तो आलाच नाही. ऊन देऊन लगेच रोलरवर घालावी लागते, म्हणून ढीग न मोडता दोन दिवस वाट बघितली. ती तूर नको तितकी मुरली, अव्वानं ती शेवटी घरच्या म्हशीपुढं घातली. इकडं कॉलेजात परीक्षा सुरू व्हायची होती. मी वही पिशवीत घालून बस धरली.

त्या बसमध्ये मी जे केलं ते आज लिहिताना हात थोडा अडतो. अठरा तासांच्या आधीच्या दोन नोंदी एकमेकींशी पटत नव्हत्या. पहिल्या खेपेला वीस किलोत कणी सव्वा किलो, फार चांगली. दुसऱ्या खेपेला दोन किलोला शंभर ग्रॅम कमी, म्हणजे वाईट. तिसरीवरच सगळं होतं. हुमनाबादच्या पुढं कुठंतरी रस्ता खराब होता, मी वही मांडीवर घट्ट धरली आणि बाराव्या ओळीत लिहिलं: एक किलो तीनशे ग्रॅम. पहिल्या खेपेच्या जवळचा, खरा वाटणारा आकडा. नऊशे कशाला लिहायचे, कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही माझ्या मनात आलं होतं. एवढा विचार मी केला. तारखेची जागा मात्र कोरी सोडली. का सोडली ते मला तेव्हाही कळलं नाही. शाहीननं विचारलं, "हुआ क्या तीसरा?" मी म्हटलं, "हौ, झालं."

परीक्षा संपल्या आणि आम्ही अहवाल लिहायला घेतला. पहिला खर्डा मी लिहिला, साठ पानं, हातानं. माझं इंग्रजी बरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. तूर कशी येते, अप्पा काय करतात, आम्ही काय केलं, कुठल्या दिवशी काय झालं, सगळं जसं घडलं तसं. मॅडमनी तो तीन दिवस ठेवून घेतला. मग आम्हाला बोलावलं.

"बस महानंदा. शाहीन, तूही बस. वाचायला फार छान वाटलं," त्या म्हणाल्या. "मी एका बैठकीत वाचले. पण हे गोष्टीसारखं हाय. मला फक्त एवढंच बघायचं असलं, की कणी किती तासाला कमी निघती, तर मी कुठं बघू?"

मी पानं उलटायला लागले. ते त्रेचाळिसाव्या पानावर होतं, अव्वाच्या चहाच्या खाली.

"बघितलीस? तुलाच सापडंना," त्या म्हणाल्या, पण चिडून नाही. त्यांनी माझ्याच खर्ड्याच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहायला घेतलं. सगळ्यात आधी एका पानात सारांश, कारण पुष्कळ लोक तेवढंच वाचतात. मग प्रस्तावना, प्रश्न काय आहे ते. मग याआधी कुणी काय केलंय. मग पद्धत, आणि ती अशी लिहायची की उद्या बेळगावच्या माणसानं वाचून स्वतःच्या मिलमध्ये तेच करता यावं. मग नुसती मोजमापं, त्यांच्यावर मत द्यायचं नाही. मत त्याच्या पुढच्या प्रकरणात. मग मर्यादा, मग निष्कर्ष, मग संदर्भ. "आणि शेवटी परिशिष्ट," त्या म्हणाल्या. "वहीतल्या मूळ नोंदी जशाच्या तशा. तारीख, हवा, वजन, कोण तोललं ते. माझ्या हाताखालच्या अहवालात ते लागतंच."

शाहीननं मान हलवली. मीही हलवली.

त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही त्या साठ पानांची मोडतोड केली. मला वाईट वाटायचं. अप्पा ढिगात हात घालतात ते वाक्य गेलं, बैलगाड्या गेल्या. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी पुढं पॉलिटेक्निकात तीस वर्षं मुलांना सांगत आले. पद्धत आणि मोजमाप वेगळं केलं की आपल्याला काय माहीत आहे आणि काय नुसतं वाटतंय ते वेगळं दिसायला लागतं. एकाच परिच्छेदात दोन्ही असलं की ते एकमेकांना झाकून घेतात. माझ्याकडं येणाऱ्या पोरींच्या अहवालात आता समास कॉम्प्युटर घालतो, अनुक्रमणिका एका बटणावर तयार होते. तरी मोजमापाच्या प्रकरणात "अतिशय समाधानकारक" असा शब्द दिसला की मी लाल पेन काढतेच.

टाइपिंग शाहीनच्या घरी सुरू झालं. सकाळी कोर्टात जायच्या आधी दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी दिवसभर. तिच्या अब्बांना मी चाचा म्हणायची. बारीक, उंच माणूस, बोटांच्या टोकांना कार्बनची निळाई कायमची बसलेली. इंजिनियरिंग त्यांना ठाऊक नव्हतं, पण कागद कसा असावा ते त्यांच्याइतकं जाणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. डाव्या हाताला दीड इंच मोकळं, बाकी तिन्ही बाजूंना एक, कारण बांधणीत डावी बाजू आत जाते. नवं प्रकरण नव्या पानावर. तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर आणि आकृतीचं नाव आकृतीच्या खाली. परिच्छेदाची एकच ओळ पुढच्या पानावर गेलेली त्यांना चालायची नाही. म्हणायचे, "अकेली लाईन अच्छी नै लगती, बेटी. दो शब्द कम कर." मग मी दोन शब्द कमी करायची आणि वाक्य खरंच सुधारायचं. चार प्रती, मध्ये तीन कार्बन. एक चूक झाली की चारही कागद बदलायचे. पांढरा रंग लावून खोडलेला त्यांना आवडायचा नाही.

शाहीनच्या अम्मी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात खट्टी दाळ करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ते पातेलं मला दाखवून सांगितलं, की यात कधी काही दुसरं शिजलेलं नाही, पोटभर खा. चिंच, हिरवी मिरची आणि वरून लसणाची फोडणी. ती डाळ आणि भात खाऊन मी दुपारच्या वेळी टाइपरायटरच्या आवाजात मस्त डुलक्या घ्यायची. आवाज थांबला की जागी व्हायची.

तशीच एकदा जागी झाले. चाचा हात मांडीवर ठेवून कागदाकडं बघत बसले होते. सगळा अहवाल झाला होता, परिशिष्ट चाललं होतं. जमा करायला तीन दिवस राहिले होते.

"बेटी," ते म्हणाले, "इस लाईन की तारीख किदर है?"

वही त्यांच्या समोर उघडी होती. बाराव्या ओळीवर त्यांचं निळं बोट होतं. शाहीन आतून पाणी घेऊन आली आणि तिनंही वाकून बघितलं. "अरे, तारीख डालना भूल गई क्या तू? कब की थी?"

कुठलीही तारीख सांगता आली असती. एक शब्द बोलायचा, आणि ते टाइप झालं असतं. माझ्या तोंडात ती तारीख आलीसुद्धा. पण वर अकरा तारखा होत्या, त्या दिवसांची हवा लिहिलेली होती, कुणाच्या हातात ताजवा होता ते लिहिलं होतं, आणि त्यातला एकेक दिवस मला आठवत होता. बारावा दिवस नव्हताच. मी म्हटलं, "बघून सांगते चाचा. उद्या."

"हौ, हौ," ते म्हणाले. "जल्दी नै है. जगह छोड देतूं."

त्याच संध्याकाळी अप्पा आले. रोलरचा पट्टा घ्यायला ते गुलबर्ग्याला आले होते आणि जाता जाता शाहीनच्या दारात डोकावले. हातात अव्वानं दिलेल्या शेंगाच्या पोळ्यांचा डबा. शेवटची बस चुकू नये म्हणून आत आलेच नाहीत, पायरीवर उभे राहिले.

"झालं का तुझं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"होत आलंय अप्पा."

"बरं. तुझं ते अठरा तासाचं मी लावलो बघ. आज दुपारी ढीग घालून निघालो." एवढं बोलून त्यांनी चाचांना नमस्कार केला, पट्ट्याचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि स्टँडकडं गेले.

मी डबा घेऊन तिथंच उभी राहिले. मागच्या पत्रात मी घरी लिहिलं होतं, की अठरा तास सर्वांत चांगले निघाले. मी ते मिरवायला लिहिलं होतं. अप्पा त्यावर काही करतील हे माझ्या डोक्यात नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी तास बघितले नव्हते, आणि आता माझ्या बसमधल्या आकड्यावर ते मुडबीकडच्या लोकांची तूर मुरायला ठेवत होते. कणी निघाली तर तोंड त्यांना दाखवायचं होतं, मला नाही.

शाहीनला मी अंगणातच सांगितलं. ती आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिचा चेहरा उतरला.

"मेरा भी नाम है उस पे," ती म्हणाली. मोठ्यानं नाही बोलली, आत तिचे अब्बा होते. "मैं पूछी थी तेरेकू. पूछी थी कि नै?"

"विचारली होतीस."

तिनं डबा माझ्या हातातून काखेत घेतला, चप्पल घातली आणि म्हणाली, "चल. मॅडम घर पे रहती इस वक्त."

हिरेमठ मॅडम अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, बसपासून अप्पांपर्यंत. सांगताना मला वाटत होतं की आता त्या विचारतील, किती दिवस खोटं बोललीस, आणि मग अहवाल नापास, वर्ष गेलं, शाहीनचंही गेलं. तिच्याकडं बघायची मला हिंमत नव्हती. मॅडमनी नळ बंद केला.

"शाहीनला ठाऊक होतं?"

"न्हाई मॅडम. आत्ताच सांगितले तिला."

"परत करायला किती दिवस लागतील ती खेप?"

"पाच. आपल्याकडं तीन हायत."

"मग होत न्हाई." त्यांनी पदराला हात पुसले. "मग न्हाई झाली म्हणून लिहा."

मला कळलं नाही. "म्हणजे अहवाल..."

"मर्यादा म्हणून प्रकरण हाय न तुमच्या अहवालात? काय लिहिलाव त्यात?"

"वेळ कमी होता म्हणून," शाहीन म्हणाली. वर्गातल्या सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

"ते काढा. जे झालं न्हाई ते सांगायला ती जागा असती. अठरा तासाच्या दोनच खेपा झाल्या, वीज नव्हती, दोन्हीत फार फरक आला, म्हणून बारा आणि अठरा यात काय चांगलं ते आम्हाला ठामपणे सांगता येत न्हाई. लिहा असं. त्यात लाज कसली?" मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "लाज त्या आकड्याची हाय महानंदा. ती तू आज इथवर चालत आणलीस, म्हणून मी यावर आणखी बोलत न्हाई. पण ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. आजवर ठेवलंय.

परतताना मला पाय हलके वाटत होते, पण अप्पांचा ढीग अजून डोक्यावर होता. कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. आमच्या मिलसमोरच्या किराणा दुकानात फोन होता, मी तो लावला आणि दुकानदार मामांना म्हटलं, अप्पा बसनं उतरले की लगेच बोलवा, मी परत फोन करते. दीड तास शाहीन माझ्याजवळ बाकावर बसून राहिली. सोबत आणलेल्या पोळ्यांतली एक तिनं खाल्ली, मला दिली नाही. दुसरी खाल्ली आणि तिच्यातली अर्धी मात्र दिली. तेव्हा मला कळलं की आमचं मिटलं.

"काय गं, काय झालं?" अप्पांचा आवाज घाबरलेला होता.

"अप्पा, तो ढीग मोडा. अठरा तास ठेवू नका. लोकांची तूर खराब होईल. मी तिसरी खेप केलेच न्हाई अप्पा, मी उगंच लिहिले."

ते म्हणाले, "लोकांची कामून? लोकांची बारालाच मोडतो की. तुझी तिसरी खेप ऱ्हायली होती न, करंट गेल्ता बघ. म्हणून घरची वीस किलो तोलून वेगळी लावलो. तुझ्यासाठनंच करायलोय. मघाशी सांगितलो की तुला."

मी फोन तसाच धरून बसले. बूथवाला तोंडाकडं बघत होता.

"रडायलीस का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"मग ठेव फोन, चहा व्हायलाय घरी."

अप्पांच्या खेपेची कणी तोलून कळेपर्यंत आमच्या प्रती बांधणीला गेलेल्या असणार होत्या. चाचांना सगळं सांगावं लागलं, कारण त्यांचीच मेहनत वाया जाणार होती. सारांश, मोजमापांचा तक्ता, आलेख, चर्चेतली दोन पानं, मर्यादा, निष्कर्ष आणि परिशिष्ट. चार प्रतींत. ते ऐकत होते आणि बोटांनी मनातल्या मनात पानं मोजत होते. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "बीच में पन्ना बढना नक्को. बढे तो अनुक्रमणिका पूरी बदलती." बस, एवढीच त्यांची काळजी. मग दोन दिवस आम्ही शब्द मोजून लिहिलं. मर्यादांचं जुनं प्रकरण चार ओळींचं होतं, नवं जवळजवळ पान भरून आलं, आणि ते त्याच पानात बसलं. परिशिष्टात बाराव्या ओळीसमोर चाचांनी टाइप केलं: नोंद घेतली नाही. ते टाइप करून त्यांनी कागद उजेडात धरला, ओळी सरळ आल्यात का ते पाहिलं आणि बाजूला ठेवला.

ज्या दिवशी जमा करायचा त्या दिवशी सकाळी बांधणीवाल्याकडून प्रती आल्या. काळी पाठ, सोनेरी अक्षरं, माझं आणि शाहीनचं नाव एकाखाली एक. शाहीननं तिची प्रत उघडून वास घेतला. ऑफिसमधल्या बाईंनी शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. इतकंच. मी बाहेर येऊन कॉलेजच्या पायरीवर बसले आणि मला एवढी भूक लागली की शाहीननं समोरच्या गाड्यावरून दोन प्लेट सुसला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि मिर्ची भजी आणली, आणि मी तिचीही भजी खाल्ली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्कर होते. त्यांनी प्रत मधूनच उघडली आणि ती नेमकी मर्यादांवर उघडली. वाचताना त्यांनी चष्मा वर केला. "दोनच खेपा?" त्यांनी विचारलं. मी काय झालं ते सांगितलं, वीज कशी गेली ते. म्हशीचंही सांगितलं, ते मॅडमना आवडलं नसावं. सर म्हणाले, "मग तुमचा निष्कर्ष काय? काहीच नाही?" शाहीन म्हणाली, "सर, सहा तास कमी पडतात आणि चोवीस जास्त होतात, हे आम्हाला ठाम सांगता येतं. मधलं सांगता येत नाही." सरांनी मान डोलावली आणि रोलरबद्दल विचारायला लागले. त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले आणि चारही आम्हाला आले. बाहेर पडल्यावर शाहीननं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाकली.

दोन दिवसांनी मी मंठाळला गेले. दुपारची वेळ, मिल चालू होती, अव्वा दारात उभी होती आणि मला बघून मराठीतच बोलली. हातपाय धुऊन मी मिलमध्ये गेले. अप्पांनी मोटर बंद केली. मी माझी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यांनी हात धोतराला पुसून एकेक पान उलटलं, आलेखावर थांबले, आणि प्रत पोत्यांवर जपून ठेवली.

"तुझी ती खेप झाली," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात काढलो."

"किती निघाली कणी?"

"दोन किलोवर शंभर. लई निघाली. दाणा मऊ पडला होता." मग त्यांनी विचारलं, "तू किती लिहिली होतीस?"

मी खाली बघून सांगितलं, "एक किलो तीनशे."

अप्पांनी चाळणीच्या कडेला लागलेली चुणी बोटानं काढली.

"बरं झालं ती नोंद काढलीस," ते म्हणाले. "तू लिहिलीस म्हणून पुढच्या हंगामाला मी सगळ्यांचीच तशी लावलो असतो."

त्यांनी मोटर सुरू केली. अव्वा भिंतीपलीकडून जेवायला हाक मारत होती, आणि मी आत गेले.